फळ्यावरचं गणित कोणतं होतं?

बाबासाहेबांच्या शाळेतला तो प्रसंग आपल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल. मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. फळ्यामागे सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे. भीमराव फळ्यापाशी पोचायच्या आत पोरं धावली, डबे उचलले, विटाळ वाचवला. मग भीमरावाच्या हातात खडू. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. चौदा एप्रिलच्या प्रत्येक भाषणात आहे. पोरापोरींच्या वक्तृत्व स्पर्धेत तर हमखास आहे.

मी हा प्रसंग उभ्या जन्मात शेकडो वेळा ऐकला. स्वतः मास्तर म्हणून छत्तीस वर्षं वर्गात सांगितला. पण एकदाही कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही, की फळ्यावरचं गणित कोणतं होतं? त्या पोरानं ते कोणत्या रीतीनं सोडवलं?

प्रश्न वात्रट वाटेल. डब्यांची गोष्ट चाललेली असताना हा गणिताचं काय काढतो, असंही कोणी म्हणेल. पण डबे उचलणारी पोरं आपल्याला आठवतात आणि खडू हातात घेतलेलं पोरगं फक्त पाठमोरं दिसतं, ह्यात काहीतरी चुकतंय असं मला वाटत आलं आहे. ते पोरगं तिथं अपमान करून घ्यायला गेलं नव्हतं. गणित सोडवायला गेलं होतं. अपमान त्यांचा होता, गणित आपलं होतं. आपण त्यांचं ते जपून ठेवलं आणि आपलं हरवून बसलो.

०

दलित आत्मकथनांवर आजवर रगड लिहून झालंय. 'बलुतं' १९७८ साली आलं, 'आठवणींचे पक्षी' १९७९ ला, 'उपरा' १९८० ला, 'तराळ-अंतराळ' १९८१ ला, 'अक्करमाशी' १९८४ ला, 'उचल्या' १९८७ ला. ह्या दहा वर्षांत मराठी वाङ्मयाच्या पांढऱ्या सदऱ्यावर जे डाग पडले ते अजून निघाले नाहीत, निघूही नयेत. ह्या पुस्तकांना कमी लेखायला मी बसलेलो नाही. माझं भांडण आपल्या वाचण्याशी आहे, आपल्या समीक्षेशी आहे.

समीक्षक शाळेचं प्रकरण आलं की काय शोधतो? पोरगं कुठं बसलं, पाणी कोणी ओतलं, किती हातावरून ओतलं, मास्तरानं छडी लांबून फेकली की जवळून मारली. मग एखादा देवमाणूस मास्तर. मग पास झाल्याची बातमी. झालं प्रकरण. हा आता फॉर्म्युला झालाय. विद्यापीठातला प्राध्यापक प्रश्नपत्रिकेत विचारतो, 'दलित आत्मकथनांतील शालेय जीवनातील अस्पृश्यतेचे चित्रण स्पष्ट करा.' पोरगं पाच मुद्दे लिहितं, मार्क घेतं. नवा लिहिणाराही मग तेच पाच मुद्दे डोळ्यापुढे ठेवून आपलं बालपण आठवतो. जे मुद्द्यात बसत नाही ते आठवत नाही.

ह्याचं कारण उघड आहे. पहिल्या पिढीला साक्ष द्यायची होती. साक्षीदाराला कोर्टात विचारतात तेवढंच तो सांगतो. आणि विचारणारा कोण होता? पुण्या-मुंबईचा पांढरपेशा वाचक. त्याला हळहळायचं होतं. पोराला पंचवीसचा पाढा कसा लागला ह्यात त्याला हळहळण्यासारखं काही नव्हतं. आणि शिकण्याच्या क्षणाला खलनायकही नसतो. पाटीवर 'क' उमटला, त्यात कोणाला शिव्या द्यायच्या?

पण पुस्तकांत ते क्षण नाहीत असं नाही. आहेत. आपणच पान उलटून पुढे गेलो.

०

'अक्करमाशी' घ्या. शाळेची सहल जाते. सवर्णांची पोरं एका झाडाखाली, महारांची दुसरीकडे. उरलंसुरलं ह्यांच्या पदरात. इथवर सगळे समीक्षक येतात आणि थांबतात. पण लिंबाळे थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात सहलीवर निबंध लिहायला सांगतात, आणि पोराला सुरुवात कशी करावी तेच कळत नाही. माझ्या मते त्या प्रकरणाचं काळीज इथं आहे. सहलीचा निबंध कसा लिहायचा ते वर्गात ठरलेलं असतं. पहाट, पक्षी, निसर्ग, गोड जेवण, आणि शेवटी 'हा दिवस मी कधीच विसरणार नाही'. पोरापाशी अनुभव आहे आणि समोर साचा आहे. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. पेन हातात आणि वही कोरी. ते पोरगं त्या दिवशी नापास झालं नाही. भाषा कोणाच्या मालकीची आहे हे त्या तासाला ते शिकलं. पुढं अख्खं पुस्तक लिहून त्यानं तो निबंध पुरा केला असं मी समजतो.

आता ह्याच्यासमोर दुसरा निबंध ठेवा. १८५५ साल. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर, मुक्ता साळवे. तिनं शाळेत लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. मांग-महारांच्या दुःखाचा निबंध. वेद जर ब्राह्मणांचेच तर आमचा धर्म कोणता, आमचं पुस्तक कोणतं, असं ती पोर थेट विचारते. आपण तिला पहिली दलित लेखिका म्हणतो, फोटोला हार घालतो. पण ते लिखाण आधी एक शाळेतला निबंध आहे, हे विसरतो. म्हणजे आपलं लिखित साहित्य वर्गात सुरू झालं. कोणीतरी त्या पोरीला साचा न देता लिहू दिलं म्हणून सुरू झालं. १८५५ ला मांगाच्या पोरीला जो निबंध लिहिता आला तो शंभरावर वर्षांनी महाराच्या पोराला स्वतंत्र देशाच्या शाळेत लिहिता येईना. ह्याला काय म्हणायचं ते समीक्षकांनी ठरवावं.

तिसरं उदाहरण हिंदीतलं. ओमप्रकाश वाल्मीकींचं 'जूठन', १९९७ चं. सगळ्यांना त्यातला झाडू आठवतो. हेडमास्तरानं पोराला शाळा झाडायला लावली आणि बापानं येऊन जाब विचारला. पण त्याच पुस्तकात दुसरा एक तास आहे. मास्तर द्रोणाचार्याच्या गरिबीचा धडा शिकवतात. अश्वत्थाम्याला दूध म्हणून पाण्यात पीठ कालवून पाजलं. वर्ग गहिवरतो. हे पोरगं उभं राहून विचारतं, मग आम्ही भाताचं मांड पितो त्याचं काय? आमच्यावर कोणी महाकाव्य का लिहिलं नाही? मास्तर पाठीवर छडी ओढतात.

माराकडे आपण पाहिलं. जरा प्रश्नाकडे पाहा. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की मुलानं धड्याचा संबंध स्वतःच्या जगण्याशी लावला म्हणजे धडा कळला. डी.एड.ला आम्ही हेच घोकून पास झालो. मग त्या वर्गात धडा खरा कळला होता तो एकट्या त्या पोरालाच. बाकीचा वर्ग नुसता गहिवरला. ज्याला कळलं त्यानं मार खाल्ला. आपल्या शाळेच्या साऱ्या इतिहासाचं सार ह्या एका तासात आहे.

०

आता नागपूरला येऊ. दुसऱ्यांच्या गावची उदाहरणं देऊन आपलं गाव लपवायचं नसतं.

उमरेडकडची एक पोर दुष्काळात नागपूरला आली, लोकांची ओझी वाहिली. एका मिशनरी बाईनं तिला अक्षरं दाखवली. ती जाईबाई चौधरी. मिशनच्या शाळेत मास्तरीण झाली तर सवर्ण पालक बिथरले, नोकरी गेली. मग बाईनं चोखामेळ्याच्या नावानं आपल्या मुलींची शाळा चालवली. त्या शाळेत शिकलेली एक पोर म्हणजे कौसल्या बैसंत्री. १९२६ चा जन्म, आई-बाप कष्टकरी, पुढं हिंदीत 'दोहरा अभिशाप' लिहिलं, १९९९ साली. मोठ्या शाळेत नाव घालताना फी कमी करा म्हणून बाप हेडमिस्ट्रेसपुढे दुरूनच वाकतो, ते तिनं लिहून ठेवलंय. पण जाईबाईंच्या वर्गात मुलींना कसं शिकवलं जायचं, पहिलं अक्षर कोणतं, चुकल्यावर बाई काय म्हणायच्या, हे कोणी त्या म्हाताऱ्या विद्यार्थिनींना वेळेवर विचारून घेतलं नाही. आपल्या पोरींसाठी आपल्याच बाईनं काढलेली शाळा! त्या वर्गात डबे उचलणारं कोणी नव्हतं. म्हणून सांगण्यासारखं काही नव्हतं असं आपण धरलं. हीच ती चूक.

आणि कुमुद पावडे. 'अंतःस्फोट', १९८१. संस्कृतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. महाराच्या मुलीनं संस्कृत शिकायचं म्हणजे केवढं धाडस, संस्कृतचे गोखले गुरुजी नाही म्हणतील अशी भीती, आणि त्यांनी मनापासून शिकवलं. पुढं एम. ए. होऊनही नोकरी नाही. नोकरी लागली ती सोमकुवरची पावडे झाल्यावर. बाई स्वतःच हा हिशोब मांडतात आणि वाचणाऱ्याच्या थोबाडीत बसते. पण त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. लहानपणी वर्गमैत्रिणीकडची मुंज बाहेर उभं राहून पाहणं, ते मंत्र कानावर पडणं, आणि हाकललं जाणं. त्या पोरीला हाकललं हे खरंच, पण तोवर कानात सूर बसला होता. हाकलणाराला तो काढून घेता आला नाही. शिकणं असं होतं. दाराबाहेर उभं राहूनही होतं. हे आपल्याला मांडता आलं पाहिजे. त्यांनी दार लावलं एवढंच किती दिवस सांगणार?

०

हे सगळं मी कोण सांगणार? म्हणून आता माझं सांगतो.

माझा बाप एम्प्रेस मिलमध्ये होता. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ ला कायमची बंद पडली, तोवर बाप गेला होता. मी १९८० मध्ये उत्तर नागपूरच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. वस्ती आपलीच. पोरं आपलीच. वर्गाच्या भिंतीवर बाबासाहेब. म्हणजे सगळं जमलेलं. आता इथं कोणी कोणाला बाहेर बसवणार नव्हतं.

चौथीचा वर्ग. एक पोरगी मागं बसायची. माय घरी विड्या वळायची, पोरगी शाळेतून गेली की धाग्यानं जुड्या बांधायची. मी फळ्यावर गणित घातलं : एका पेटीत २५ आंबे, तर १२ पेट्यांत किती? वर्ग पाटीवर गुणाकार मांडू लागला. ही पोरगी बसल्या जागेवरून म्हणाली,

"तीनशे, गुर्जी."

"कसे?"

"मले आंब्याचं नाई समजत. विड्यानं सांगू काय? चार जुड्या म्हंजे शंभर. बारा जुड्या म्हंजे तीनशे."

ह्या गणिताची ह्याहून सरळ रीत मला आजही माहीत नाही. पण मी त्या दिवशी काय केलं? आधी 'मले' नाही, 'मला' म्हण, असं तीनदा म्हणवून घेतलं. मग म्हणालो, पाटीवर रीत दाखव. तिला गुणाकार मांडता येईना. मी तिच्या पाटीवर फुली मारली. उत्तर बरोबर, रीत नाही. वर्ग हसला. मीही हसलो असेन.

ती पोरगी पुढं वर्गात बोलली नाही. हजेरीला 'हजर' एवढंच. पाचवीनंतर आली नाही. तिच्या न येण्याला माझी एक फुलीच कारण असं मी म्हणत नाही, घरी विड्यांचं काम होतं, धाकटी भावंडं होती. पण फुली मी मारली हे खरं.

रीत ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. गणित सोडवण्याची रीत आणि जगाची रीत. डबे उचलणाऱ्या पोरांना कोणी विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, अशी रीत आहे. मी माझ्याच लेकरापुढं तोच शब्द घेऊन उभा होतो. फरक एवढाच की माझ्या भिंतीवर बाबासाहेब होते.

'मले'चंही तसंच. १ नोव्हेंबर १९५६ ला हा प्रदेश मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६७ ला पुण्यात बालभारती स्थापन झाली आणि पुस्तकं तिकडून येऊ लागली. पुस्तकातली आई 'आई' होती, आमच्या पोरांची 'माय'. 'अ'चा अननस होता, अननस माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं पाहिला नव्हता. मीही पोरगा असताना पाहिला नव्हता. पुस्तक बदलणं माझ्या हातात नव्हतं, मान्य. पण पोराच्या तोंडातला 'काहून' काढून तिथं 'का' बसवला की तो शिकला, असं मानायला मला कोणी लावलं होतं? मी डी.एड. होऊन पांढरपेशा झालो होतो, दुसरं काय. आपल्या आत्मकथनांत 'माय' आली, बोली आली, शिव्या आल्या, तेव्हा आम्ही मास्तर लोकांनी संध्याकाळच्या बैठकीत टाळ्या वाजवल्या. सकाळी वर्गात जाऊन त्याच बोलीवर लाल पेन्सिल फिरवली. साहित्यात विद्रोह आणि वर्गात शुद्धलेखन. हा दुटप्पीपणा आपल्यापैकी कोणी आजवर लिहिलेला मी वाचला नाही. लिहायला पाहिजे. म्हणून लिहितो.

०

शेवटचा मुद्दा आजचा.

निवृत्तीनंतर मी एकदा एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो. ज्या शाळांत एका वर्गात साठ पोरं कोंबून बसायची त्यातल्या कितीतरी मराठी शाळा आता ओस पडल्या, काही बंद झाल्या. आपल्या लोकांनी पोरं इंग्रजी शाळेत घातली. मीही माझी नातवंडं तिथंच घातली, खोटं कशाला बोलू. मग ह्या शाळेत आता कोण बसतं? छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्या मजुरांची लेकरं. एक पोरगं खिचडीची थाळी घेऊन बाईंना म्हणालं, "मोला अउ देव." मला आणखी द्या. बाई आपल्यातल्याच, गळ्यात निळ्या दोऱ्यातलं बाबासाहेबांचं लॉकेट. म्हणाल्या, "मोला नाही रे, मला म्हण. तीनदा म्हण."

माझ्या अंगावर काटा आला. बाईंना मी काही बोललो नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

२००९ चा शिक्षण हक्काचा कायदा म्हणतो की शक्य तोवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेत व्हावं. कायदा चांगला आहे. पण 'शक्य तोवर' म्हणजे कुठवर, ते फळ्यापाशी उभा असलेला माणूस ठरवतो. आणि त्या जागी आज आपण उभे आहोत. जोतीरावांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढे गाऱ्हाणं मांडलं होतं की मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत. ते गाऱ्हाणं खरं होतं. आज आपला मास्तर आहे, आपली बाई आहे. आता गाऱ्हाणं कोणाविरुद्ध मांडायचं?

म्हणून नव्या लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे. शाळेचं प्रकरण लिहाल तेव्हा कुठं बसलात ते लिहाच. ते लिहू नका असं म्हणायचा हक्क कोणाला नाही. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये गुरुजींनी मारलं आणि आयदान विणणाऱ्या आईनं त्यांना जाब विचारला, ते पान आम्ही पुन्हा पुन्हा वाचू. पण त्याच्यापुढं एक ओळ जास्त लिहा. त्या तासाला काय शिकलात? पहिलं अक्षर कोणतं लागलं? कोणता प्रश्न मनात आला आणि गिळला? आणि तुमच्यापैकी जे मास्तर झालेत, बाई झाल्यात, त्यांनी हेही लिहावं की आपण कोणाच्या पाटीवर फुली मारली. ते लिहिल्याशिवाय आपली साक्ष पुरी होत नाही.

समीक्षकांनीही आता डबे मोजणं थोडं थांबवावं. डबे किती होते ते आपल्याला कळलं आहे.

ती विड्यांच्या घरची पोरगी आज असेल पंचावन्नाच्या आसपास. कुठं आहे मला माहीत नाही. तिच्या हाती हा अंक पडेल असं नाही. पण कोणी तिला वाचून दाखवलाच तर सांगायचंय की बाई, तुझं उत्तर बरोबर होतं. रीतही बरोबर होती. फुली माझी चुकली.